माझ्या भावाची उपासमार

एकसष्टीच्या तोंडावर माझ्या धाकट्या भावानं ठरवलं, की आपण लहानपणी उपाशी होतो.

मी त्याची थोरली बहीण. नांदे गावातल्या त्याच घरात, त्याच आईच्या हातचं जेवून मीही वाढले. आमच्या घरात उपाशीबिपाशी कुणी नव्हतं. उलट हा भाऊ लहानपणी असा गुटगुटीत होता, की शेजारणी त्याला कडेवर घ्यायच्या आणि लगेच कमरेला हात लावत खाली ठेवायच्या. "काय चारतीस काय गं ह्याला?" असं आईला विचारायच्या. आई नुसती हसायची आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची. आणि साठी गाठलेला हा बाबा आता म्हणतो, मी पाणी पिऊन झोपायचो! शी! आजही ते आठवलं की माझ्या तोंडाची चव जाते.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर. तिथं दोन दिवसांचं शिबिर होतं. टँकरवाले, प्लॉटिंगवाले, लॉन्सवाले असे सगळे खुर्च्यांवर बसलेले आणि समोर कानाला माइक लावलेला एक गुळगुळीत माणूस. त्यानं म्हणे सांगितलं, तुमचं आयुष्य ही एक गोष्ट आहे आणि तुम्ही तिचे नायक आहात. ती गोष्ट नीट सांगता आली, तिच्याप्रमाणे वागता आलं, तर आयुष्याला अर्थ येतो. नाहीतर नुसतंच जगणं. हे ऐकून माझा भाऊ रडला. शेजारचा प्लॉटिंगवालाही रडला. मग सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि मटण खाल्लं.

तिथून तो घरी न जाता तडक माझ्याकडे पौडला आला. मी लग्न होऊन पौडला आले ती तिथलीच झाले, तिथल्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. मी चहा टाकला. तो हातावर हनुवटी टेकून सोफ्यावर बसला होता. एवढा गंभीर मी त्याला बारावीच्या निकालालाही बघितला नव्हता.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्या गोष्टीत अंधार कुटं हाय?"

"कसला अंधार?"

"सुरवातीला अंधार लागतो. मग वळण. मग उजेड. वळण माझं मला सापडलं, उजेड तर दिसतोयच. अंधारच घावंना."

"लाईट जायची की आपल्याकडं," मी म्हटलं. "पावसाळ्यात तर गेली की आठ-आठ दिवस यायची नाही."

तो हसला नाही. चहाही अर्धाच प्यायला.

त्याचं आयुष्य मला पाठ आहे. वडील कंपनीत कामाला, शिवाय घरची भाताची खाचरं आणि दावणीला म्हशी. हा बारावीला बसला, नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, मग टेम्पो चालवायला लागला. हिंजवडीकडून रस्ते आले, इमारती आल्या, आमच्या खाचरांना भाव आला. सगळ्यांनी मिळून जमीन दिली. त्यानं पाण्याचे टँकर घेतले आणि महाळुंग्याच्या ज्या सोसायट्यांत नळ आहेत पण नळाला पाणी नाही, त्यांना पाणी पुरवायला लागला. माणूस वाईट नाही. ड्रायव्हरांना शिव्या घालतो, पण जेवूही घालतो. बंगला बांधला, पोरांची लग्नं लावली, आईला नीट सांभाळतो. ह्यात लाजण्यासारखं काही नाही आणि गोष्ट होण्यासारखंही काही नाही. बरं चाललंय, एवढंच. पण एवढ्यावर त्याचं भागेना.

अर्थात त्याला एकट्यालाच कशाला नावं ठेवू? आख्ख्या तालुक्याला हा रोग लागलाय. चांदणी चौकातून पौडला येईपर्यंत नुसते फ्लेक्स वाचत या. जो तो संघर्षयोद्धा! ज्यानं बापाची जमीन विकण्यापलीकडे उभ्या जन्मात इकडची काडी तिकडे केली नाही, तोसुद्धा फ्लेक्सवर गॉगल लावून शून्यातून विश्व निर्माण करतो. शाळेत माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं निबंधस्पर्धेत बापाला मारलं होतं. वडील वारले, आईनं धुणीभांडी करून शिकवलं, वगैरे वगैरे. पहिला नंबर आला. बक्षीस घ्यायला तिला गाडीवरून कोण घेऊन आलं? बाप! मी तिला बाजूला घेऊन विचारलं, अगं हे काय? तर म्हणते, "बाई, जित्तं ठेवून लिवलं तर निबंधात काय ऱ्हातंच न्हाई." बापानं मात्र बक्षिसाबरोबर हौसेनं फोटो काढून घेतला.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिच्यावर येऊन पडली. आई पंच्याऐंशीच्या घरातली. लिहिता-वाचता येत नाही. कधी स्टेजवर चढली नाही, कधी कुणी तिला हार घातला नाही. मिरवायला तिच्याकडे एकच होतं आणि ते ती उठता-बसता मिरवायची: "माज्या दारातनं कोन उपाशी गेलं न्हाई." लावणीला आलेल्या बायका, विजेचे खांब रोवायला आलेले कामगार, बोहारीण, म्हशीला बघायला आलेला डॉक्टर, कुणीही येवो, आई आधी पाट मांडायची आणि मग नाव विचारायची. तापातून उठली की अंगावरची घोंगडी टाकून सरळ चुलीपाशी. वडील वैतागायचे, "हितं काय धर्मशाळा हाय का?" आई म्हणायची, "व्हय, हाय." कुणी सोनं मिरवतं, कुणी पोराची नोकरी मिरवतं. ही बाई शिजवलेला भात मिरवायची आणि तेवढ्यावर जन्मभर ताठ मानेनं चालली.

आणि भावाच्या गोष्टीला नेमकी उपासमारच हवी होती. तो नायक व्हायचा तर आईनं त्याला पोटाला घातलेलं नसायला हवं. दोघांचं एकाच वेळी खरं होणं शक्य नव्हतं.

एकसष्टीला त्याला स्वतःचा जीवनपट करायचा होता. बावधनचा एक दाढीवाला असले पट करून देतो. त्यासाठी मजकूर हवा म्हणून भाऊ पुन्हा माझ्याकडे आला. "आक्का, तू मराठीची बाई. तूच लिव."

"लिहिते की," मी म्हटलं. "वडील कष्टाळू होते, आई सुगरण होती, तू बारावीला नापास झालास."

"तसं न्हवं गं." मग त्यानं आवाज खाली आणला. "आपण उपाशी ऱ्हायलोय, आक्का."

"कधी रे?"

"तुला न्हाई आटवायचं. मला आटवतंय. एकदा रातच्याला मी भात मागितला. भांड्यात भात हुता, मला दिसत हुता. आई म्हनली, ऱ्हाऊ दे त्यो. दिला न्हाई. मी तसाच उटलो ताटावरनं."

आमच्याकडे रात्री भाताचं भांडं रितं करत नाहीत. सगळ्यांची जेवणं झाली तरी मूठभर भात तळाला राखायचा. घरात रात्र भरल्या भांड्यानं जावी म्हणून. सकाळी तो भात म्हशीच्या पुढ्यात जायचा. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि हा पन्नासेक वर्षं तो भात उराशी धरून बसला होता!

"अरे मूर्खा, तो राखायचा भात!" मी ओरडलेच. "त्याच्या आधी तू तीनदा वाढून घेतलं होतंस. पोटाचा नगारा झाला होता तुझ्या. आईनं बेंबीला हिंग लावला रात्री. मी होते ना तिथं."

"ते तुझ्या गोष्टीत असंल," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या गोष्टीत मी भात मागितला आन मला मिळाला न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, त्याची नजर तरी चुकते. ह्याची नजर चुकत नव्हती. त्याला शिबिरात पढवलं होतं, की तुम्हाला जे वाटलं तेच तुमचं सत्य. म्हणजे मिटलंच. मूठभर भातातून ह्यानं आख्खं दारिद्र्य शिजवलं. मी लिहायला साफ नकार दिला. त्यानं दाढीवाल्याकडून लिहून घेतलं.

मला एक कळत नाही. साधंसुधं, बरं गेलेलं लहानपण ह्या लोकांना एवढं का बोचतं? आमचं लहानपण कंटाळवाणं होतं, देवाची कृपा. शाळेत जायचं, यायचं, म्हशी पाण्यावर न्यायच्या, शेजाऱ्याचे पेरू चोरायचे, जेवायचं, झोपायचं. कुणी मेलं नाही, कुणी पळून गेलं नाही, कुणी वडिलांना दारात अपमान करून हाकलून दिलं नाही. असं लहानपण मिळावं म्हणून लोक नवस करतात. आणि हा त्याच्यावर थुंकला, का, तर म्हणे त्यात अर्थ नाही. अर्थ! दोन वेळचं गरम जेवण पानात पडत होतं, त्याच्याहून आणखी कसला अर्थ पाहिजे होता ह्याला?

चित्रीकरण त्याच्या बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत झालं. मी गेले ती आईसाठी. तिथं एक झोपडी उभी केलेली. आमचं घर दगडी जोत्याचं, कौलारू होतं. झोपडीत आम्ही एक दिवस राहिलो नाही. दारात चूल, चुलीवर काळं डेचकं. तेही रंग लावून काळं केलेलं, मी बोट फिरवून बघितलं. परातीत ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

"अहो," मी दाढीवाल्याला म्हटलं, "आमच्याकडे भात खातात. भाकरी केलीच तर नाचणीची, नाहीतर तांदळाची."

"मॅडम, गरिबी म्हटली की ज्वारीची भाकरी," तो म्हणाला. "भात दाखवला की लोकांना वाटतं, खाऊनपिऊन सुखी होते."

"तेच तर होतो!"

तो कॅमेऱ्यात बघत बसला.

मग माझ्या भावजयीनं पिशवीतून एक लुगडं काढलं. फाटकं, ठिगळं लावलेलं. नाटकवाल्यांना कपडे पुरवणाऱ्या कुणाकडून भाड्यानं आणलं होतं. कुणाकुणाच्या घामाचा आंबूस वास त्याला. आईनं ते दोन बोटांत धरून उचललं.

"ह्ये कुनाचं?"

"तुमाला नेसायचंय आत्याबाई, शूटिंगपुरतं," भावजय म्हणाली.

"माज्या अंगाला फाटकं कदी लागलं न्हाई. सणाला नवं लुगडं आल्याबिगार ऱ्हायलं न्हाई आमच्यात. ह्ये मी नेसनार न्हाई."

भाऊ पुढं झाला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. "आई, माझ्यासाठी. एकदाच."

आईनं त्याच्याकडे बघितलं. तो लहान असताना काही मागायचा तेव्हा बघायची तसंच. "पोराला बरं वाटतंय न्हवं?" ती मला म्हणाली. "मग आन हिकडं." आणि ती म्हातारी बाई परक्याच्या घामाचं लुगडं नेसून खोट्या चुलीपुढं जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, डोळ्यांत पाणी आणा!" दाढीवाला ओरडला.

"का? कोन गेलं?"

सगळे खो खो हसले. आई हसली नाही, तिला खरंच वाटलं कुणीतरी गेलंय. मग त्यांनी तिला एक वाक्य शिकवलं: पोराला चतकोर दिली आणि मी पाणी पिऊन झोपले. आईनं ते ऐकून घेतलं. "ह्ये मी बोलनार न्हाई," ती म्हणाली. दाढीवाल्यानं विनवलं, भावजयीनं विनवलं, भावानं पुन्हा 'माझ्यासाठी' केलं. नाही म्हणजे नाही. लुगडं नेसली, पण वाक्य बोलली नाही. शेवटी त्यांनी चुलीत ओली लाकडं घालून धूर केला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दाढीवाल्यानं जवळून टिपलं, आणि वाक्य नंतर दुसऱ्याच कुठल्या बाईच्या आवाजात घातलं.

एकसष्टीचा कार्यक्रम बावधनच्या बाजूला एका लॉन्सवर झाला, भर दुपारी. फुलांची कमान, ढोल-ताशा, भावाच्या डोक्याला फेटा. मांडवात भलामोठा पडदा. पडद्यावर आधी भेगा पडलेली जमीन आली. ती कुठली होती देव जाणे. आमच्या खाचरांत घोटाभर पाणी असायचं, भेगा पडायच्या त्या आमच्या टाचांना. मग काहीतरी केविलवाणं वाजायला लागलं आणि एक अनवाणी पोरगं धावत आलं. सगळ्या तालुक्यात मिळेल ते काटकुळं पोरगं शोधून आणलं होतं माझ्या गुटगुटीत भावाच्या कामाला. मग झोपडी. मग ठेचा. मग आईचे डोळे पडदाभर, आणि परक्या बाईचा हुंदका: पोराला चतकोर दिली आणि मी पाणी पिऊन झोपले.

लोक रडले हो! खरंच रुमाल काढून रडले. माझ्या पुढची बाई एका हातानं डोळे पुसत होती आणि तिच्या दुसऱ्या हातात पनीरचे तुकडे खोचलेली काडी होती. मागं जेवणाच्या मांडवात निळी पिंपं लावलेली. पुलाव, गुलाबजाम, रोट्या, कोशिंबीर सगळं एकात एक कालवलेलं आणि वर माश्या घोंगावतायत. उपासमार बघून रडून आलेले लोक अर्धं-अर्धं ताट त्यात ओतत होते आणि आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहत होते. मला ओकारी आली. खरोखरची. मी मांडवामागं जाऊन भिंतीला धरून उभी राहिले.

परत आले तर आईभोवती गर्दी. तिला पहिल्या रांगेत सोनेरी खुर्चीत बसवलं होतं आणि लोक रांगेनं तिच्या पाया पडत होते. "किती सोसलंत हो आजी!" "पोटाला चिमटा काढून पोर वाढवलंत!" सोसायटीतली एक बाई गुडघ्यांवर बसून म्हणाली, "आजी, यू आर सो स्ट्राँग." आई प्रत्येकाला सांगत होती, "न्हाई वो, तसं न्हवतं. आमच्यात भात हुता. लई भात हुता." पण स्पीकरचा असला दणदणाट, की कुणाला ऐकूच जाईना. आणि ज्यांना ऐकू गेलं, त्यांना तो तिचा मोठेपणा वाटला. "बघा, अजूनही कबूल करत नाहीत," एकजण भरल्या गळ्यानं म्हणाला. थोड्या वेळानं तिनं सांगायचं सोडलं आणि नुसती मान हलवायला लागली.

घरी येताना गाडीत तिनं माझा हात घट्ट धरला. "लोकं काय म्हनत असतील गं? पोराला पोटाला घातलं न्हाई म्हनतील."

"कुणी काही म्हणत नाही आई. पाया पडले की सगळे तुझ्या."

"पाया पडले गं. पन मनात काय म्हनले असतील?"



एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. पण तो पट थांबेना. बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी पट. पाण्याचं बोलायला आलेला सोसायटीचा चेअरमन असो, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले असोत, मतं मागायला आलेला कुणी असो, सुटका नाही. आणि आईची खुर्ची टीव्हीसमोरच, खिडकीतून उजेड येतो म्हणून. प्रत्येक वेळी तिला ते बघावं लागायचं.

भाऊ तर आता त्या गोष्टीतच राहायला गेला. चालता चालता मध्येच थांबून डोंगराकडे बघत उभा राहायचा. आधी मला वाटलं गुडघे दुखत असतील. जेवायच्या आधी डोळे मिटून ताटाला नमस्कार करायचा आणि "भूक काय असते ते मला विचारा" म्हणायचा, तेही तोंडात घास असताना. दर सोमवारी मुद्दाम ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायला लागला, जुन्या दिवसांची आठवण म्हणून. ठेच्यानं त्याला पित्त व्हायचं, मग गोळी घ्यायचा. त्याच्या सांगण्यात पहिल्यांदा तो एक रात्र उपाशी होता. मग आठवडाभर झाला. दिवाळीपर्यंत आख्खं लहानपण उपाशी गेलं होतं.

त्याच सुमाराला आईची आठवण विस्कटायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी सांगता येईना. पण टीव्हीवरचं तर पुन्हा पुन्हा समोर येत होतं. एकदा मी गेले तर मला म्हणाली, "ती बाई कोन गं? रडतीया."

"तूच आहेस आई."

"मी? का रडतीया मी?"

"धुरानं, आई. ओली लाकडं घातली होती त्यांनी."

पुढच्या खेपेला तिनं विचारलं, "तवा आपल्यात भात न्हवता का गं?"

"होता की. कणगी भरून होता."

"मंग ही पानी पिऊन का निजली?"

मी समजावून सांगायचे. ती हो हो म्हणायची, माझा गाल कुरवाळायची. मी पौडला परतले की पुन्हा कुणीतरी पाहुणा आणि पुन्हा पट. मी जाणार आठवड्यातून एकदा, तिथं टीव्ही रोजचा. मी भावापुढं अक्षरशः हात जोडले. "तिच्यासमोर तरी लावू नकोस रे. ती ते खरं धरायला लागलीय."

"खरंच हाय की ते, आक्का," तो म्हणाला.

माझे हात शिवशिवले. एवढ्या मोठ्या माणसाला थोबाडीत मारता येत नाही, म्हणून वाचला.

मग तो रविवार. दुपारी आम्ही सगळे टेबलाशी जेवायला बसलो होतो. आईच्या शेजारी मी, समोर भाऊ. भावजय वाढत होती. इंद्रायणीचा भात, वालाची आमटी, पापड. आईनं घास कालवला, उचलला, आणि तो तसाच तिच्या हातात राहिला. ती भावाकडे टक लावून बघत होती.

"तुला लई उपाशी ठेवलं रं म्या," ती म्हणाली.



"पोटाला न्हाई घातलं तुज्या. ल्हान लेकरू तू. कसली आई मी? चुकलं रं बाबा. माफ कर मला." आणि तिनं घास ताटात टाकून खरकटे हात पोरापुढं जोडले.

मी भावाकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. खरं सांगते, मला त्या वेळी आशा वाटली. म्हटलं, आता तरी ह्याला लाज वाटेल. एक शब्द पुरे होता. 'खोटं होतं ते, आई' एवढं म्हणायचं. नुसतं 'नाही' म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याचे ओठ हलले. मग त्याचे डोळे भरून आले. खुर्ची मागं सारून तो उठला, तिच्या पायाशी बसला, तिचे खरकटे हात आपल्या हातांत घेतले आणि हुंदका देऊन म्हणाला, "असू दे आई. तुझा काय दोष? परिस्थितीच तशी हुती. मी कवाच माफ केलंय तुला."

माफ केलंय! जिनं जन्मभर वाढायचंच काम केलं, तिला ह्यानं माफ केलं! नाटक असतं तरी मी समजू शकले असते. पण ते अश्रू खरे होते. त्याची मला जास्त किळस आली.

"आई, काय बोलतीस तू हे?" मी ओरडले. "कुणी उपाशी नव्हतं आपल्यात! मी होते ना. थोरली आहे मी त्याची. रोज जेवलेय मी तुझ्या हातचं, रोज, पोटभर!"

आई माझ्याकडे वळली. तिनं मला ओळखलं होतं, त्यात शंका नाही. पण असं तिनं माझ्याकडे जन्मात कधी बघितलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "तू पोटभर जेवत हुतीस. त्याच्या वाटचं तू खाल्लंस."

भावजय हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. माझ्या तोंडात घास होता, तो गिळवेना आणि थुंकवेनाही. भावानं आईच्या गुडघ्यांवरून मान वर केली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून मोठ्या मनानं म्हणाला, "जाऊ दे आई. आक्का पन तवा ल्हानच हुती."

मलाही त्यानं माफ करून टाकलं.